सगळं रोबोटच करणार तर माणूस कशाला पाठवायचा?

नळस्टॉपवाला: विज्ञान दिनाला लेकीला घेऊन आयुकात (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) गेलो होतो, गर्दी नुसती, ऊन मी म्हणतंय. येताना बसमध्ये विचारते, बाबा, चांद्रयान-३ चं रोव्हर प्रज्ञान २६ किलोचं, ना डबा लागत ना ऑक्सिजन, तरी त्याने चंद्रावर गंधक शोधलं, मग गगनयानात माणूस कशाला? मी भेळ घेऊन दिली आणि विषय बदलला. जाणकारांनी सांगा.

चाकण_बी_शिफ्ट: वेल्डिंग रोबोटच्या मेंटेनन्सला आहे म्हणून बोलतो. तेच काम हजार वेळा करेल पण पार्ट जरा सरकला की गपगार उभा, मग आम्ही जाळीच्या आत शिरतो, पार्ट हाताने बसवतो, रीसेट मारतो, दोन मिनिटांचं काम. मंगळावर ते कोण करणार? नासाच्या इनसाइट यानाचा 'मोल', म्हणजे जमिनीत स्वतःला ठोकत जाणारा खिळा, पाच मीटर खाली जाणार होता, माती त्याला धरेचना, जवळपास दोन वर्षं यानाच्या हाताने दाबून-ढकलून बघितलं आणि जानेवारी २०२१ ला नाद सोडला.

पेठेतला: अहो पण तुमच्या त्या माणसाला मंगळापर्यंत सहा-सात महिने खायला घालून न्यायचं आणि वर परत आणायचं! ऑपॉर्च्युनिटी ही मंगळावरची रोबोट गाडी ९० दिवसांसाठी पाठवली, २००४ ते २०१८ चालली, एकदाही घरी न्या म्हणाली नाही.

नळस्टॉपवाला: इथून रिमोटने नाही का चालवता येत?

खगोलवेडी: चंद्रावर कसंबसं, सिग्नल सव्वा सेकंदात पोचतो. २७ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानसमोर ४ मीटरचा खड्डा आला, तीन मीटर आधी दिसला म्हणून मागे फिरवला. मंगळाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं, म्हणजे खड्डा आपल्याला दिसेपर्यंत गाडी आत, म्हणून तिथली पर्सिव्हिअरन्स ही रोबोट गाडी बराच रस्ता स्वतःच शोधते. पण अपोलो १७ ला, १९७२ मध्ये, श्मिट हा भूगर्भशास्त्रज्ञ चंद्रावर चालत होता, बुटाने उकरलेली माती नारिंगी दिसली आणि तो तिथेच थांबला. ही नजर प्रोग्रॅममध्ये कशी लिहिणार? शिवाय तो आणि त्याचा जोडीदार तीन दिवसांत गाडीने जवळपास ३५ किमी फिरले, मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरला तेवढ्याला बारा वर्षांच्या वर लागली. माझं मत, वाट शोधायला रोबोट, नेमकं काय उचलायचं ते ठरवायला माणूस. गगनयानातही आधी व्योममित्र हा बाईच्या रूपातला रोबोटच जाणार आहे.

नळस्टॉपवाला: वाचून दाखवलं. व्योममित्राला पाय नाहीत हे कळल्यावर पुढचा प्रश्न आलाय, मग तिचा सीटबेल्ट कुठे लावतात? चाकणवाले, हा तुमच्या खात्यातला.