कर, परवाने आणि सरकार: 'आम्हाला मोकळं सोडा' म्हणणाऱ्यांचे अनुभव

उजव्या विचारांची चर्चा आपल्याकडे धर्मावर सुरू होते आणि धर्मावरच संपते. कर कमी असावेत, सरकारने धंद्यात कमी लुडबुड करावी, देश चालवणाऱ्याने लोकांना काय वाटून दिलं यापेक्षा लोकांना काय करू दिलं यावरून त्याची परीक्षा व्हावी, असं मानणारेही मराठी माणसांत भरपूर आहेत. पण ते चहाच्या टपरीवर बोलतात, लिहीत नाहीत. या धाग्यात त्यांनी लिहावं. तुमचं मत काय, यापेक्षा ते कशामुळे झालं ते सांगा. मत न पटणाऱ्यांनीही यावं, फक्त अनुभव घेऊन यावं. पक्षांची धुणी इथे नकोत.

सोनार आळी

आमच्या घरात सरकारबद्दलचं मत १९६३ साली ठरलं. माझा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

चीनचं युद्ध नुकतंच झालेलं. परकीय चलन वाचवायचं, सोन्याची हाव कमी करायची म्हणून मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही. आजोबा पोत, ठुशी, मोहनमाळ करायचे. चौदाच्या सोन्यात तांबं-चांदी इतकी की हवा तो पिवळा रंग येत नाही, आणि ते कडक, बारीक कामाला वळत नाही. मुळात मुलीच्या लग्नात चौदाचं सोनं घालायला कोण येणार? गिऱ्हाईकच बंद झालं. आळीतले निम्मे लोक दुसऱ्या कामाला लागले. कोणी गिरणीत, कोणी घड्याळं दुरुस्त करायला. आजोबांनी काही काळ पितळी देव घडवले.

कॅरेटची अट तीनेक वर्षांत गेली, पण १९६८ला कायदाच आला. सोनाराने प्रमाणपत्र घ्यायचं, सराफाने परवाना, गुंजा-गुंजांचा हिशोब वह्यांत, आणि साध्या माणसाने घरात सोन्याची लगड ठेवली तर गुन्हा. वडिलांना दागिन्यांपेक्षा वह्यांची काळजी जास्त असायची. तपासनीस आला की दुकानात चहा यायचा, आणि चहाबरोबर आणखीही काही जायचं. सोन्याची हाव कमी झाली का? मुंबईच्या किनाऱ्यावर ज्यांची साम्राज्यं उभी राहिली त्यांना विचारा. तस्करीला एवढी मोठी सरकारी मदत दुसरी कुठली झाली नसेल.

हा कायदा गेला १९९० साली, आणि घालवला कोणी तर मधु दंडवते यांनी. आयुष्यभराचे समाजवादी! वडील एरवी समाजवाद्यांना शिव्या घालायचे, पण दंडवत्यांचं नाव निघालं की गप्प बसायचे. म्हणून मी नेत्याचा पक्ष बघत नाही. त्याने कुठला कायदा रद्द केला ते बघतो. नवीन कायदे काय, सगळेच करतात.

ताळेबंद

मी कर सल्लागार. लोकांना वाटतं आमची तक्रार कराच्या दराबद्दल असते. दरांचा जाच खरा होता तो सत्तरच्या दशकात. १९७३-७४ला वरच्या टप्प्यावर अधिभार धरून ९७.७५ टक्के आयकर होता. शेवटच्या रुपयातले सव्वादोन पैसे तुमचे, बाकी सरकारचे. साहजिकच तो रुपया कोणी दाखवायचाच नाही. पुढच्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांनी तो ७७वर आणला, १९८५ला विश्वनाथ प्रताप सिंहांनी ५०वर, १९९७ला चिदंबरम यांनी ३०वर. तीन वेगळे स्वभाव, तीन वेगळी राजकारणं, दिशा एकच. आता नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या पगारदाराला आयकर भरावाच लागत नाही. दराबद्दल रडायचं कारण मध्यमवर्गाला फारसं उरलेलं नाही.

माझ्या अशिलांचा जीव जातो तो दुसऱ्याच गोष्टीवर. जीएसटीत तुम्ही माल घेतला, विक्रेत्याला करासकट पैसे दिले, पक्कं बिल हातात आहे. पण त्याने तो कर सरकारकडे भरला नाही, किंवा विवरणपत्रात तुमचं बिल दाखवलं नाही, तर तुमचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. चोरी त्याची, नोटीस तुम्हाला. एका फर्निचरवाल्याने माझ्यासमोर विचारलं, "साहेब, तो पैसे भरतो की नाही हे बघायचं काम माझं की सरकारचं?" कायद्यात उत्तर आहे: तुझं. वसुलीची जबाबदारी सरकारने छोट्या दुकानदाराच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला सुलभीकरण म्हटलं. सप्टेंबर २०२५मध्ये बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आणल्या, चांगलं झालं, पण हे कलम आहे तिथेच आहे.

पगारी

माझा अनुभव छोटा आहे. दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००. का, तर वर्षाचे २५०० व्हायला हवेत आणि बाराने भाग जात नाही. १९७५ला रोजगार हमीसाठी हा कर लावला होता. रोजगार हमीबद्दल तक्रार नाही, उलट दुष्काळात त्या योजनेने माणसं जगवली. पण एकदा लागलेला कर परत जातो का? मी तरी वाट बघतोय.

कांदेपात

निफाड तालुका. शेतीला आयकर नाही म्हणून शहरातली मंडळी आम्हाला टोमणे मारतात. सांगतो आम्ही कर कसा भरतो.

ऑगस्ट २०२३ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात थेट बंदी. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो कांदाचाळीत साठवून चालत नाही, काढला की विकावाच लागतो. नेमका तो बाजारात येत असताना दार बंद. भाव दिवसांत कोसळले. मे २०२४ला बंदी उठली ती किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क सोबत घेऊनच, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. मधल्या काळात आखातातल्या आणि बांगलादेशातल्या व्यापाऱ्यांनी दुसरीकडून माल घ्यायची सवय लावून घेतली. गेलेलं गिऱ्हाईक अधिसूचना काढून परत येत नाही.

क्विंटलमागे जे कमी मिळालं तो माझा कर. पावती नाही, विवरणपत्र नाही, अपील नाही. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळाला, तो खर्च माझ्या खिशातून झाला. सरकारला खरंच गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर तिजोरीतून द्यावा, मग कळेल किती पडतो ते.

माझे वडील शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आमच्या ओट्यावर लिहिलेली होती. तेव्हा लोक जोशींना भांडवलदारांचा माणूस म्हणायचे, कारण ते अनुदान मागत नव्हते, बाजार मागत होते. विदर्भातल्या माणसाला कापूस एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७२पासून आपला कापूस आपल्याच राज्यात, सरकारलाच विकायचा. स्वतःचा कापूस रात्री गाडीत घालून सीमेपलीकडे नेणारा शेतकरी तस्कर ठरायचा. उजवा म्हणा, डावा म्हणा, मला फक्त माझा माल कुठे विकायचा ते मला ठरवू द्या.

लेथ आणि मी

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला छोटं वर्कशॉप आहे. वरच्या सल्लागार साहेबांचं मान्य, पण जीएसटीला शिव्या देणाऱ्यांनी जकात पाहिलेली दिसत नाही. टेम्पो नाक्यावर उभा, ड्रायव्हर दलालाच्या टपरीत, माल काय, किंमत काय, यावर घासाघीस, आणि कंपनीकडून फोन की लाइन थांबलीये. जकात गेली तर २०१३ला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. आम्ही दुकानं बंद ठेवून रस्त्यावर उतरलो तेव्हा कुठे दोन वर्षांनी बहुतेकांची त्यातून सुटका झाली. आज माझा माल नाशिकपर्यंत न थांबता जातो. एक देश एक कर ही गोष्ट मला फुकटची घोषणा वाटत नाही.

माझी तक्रार आकड्यांची आहे. दहावा कामगार ठेवला की कर्मचारी विमा लागू. दुकान कायद्याची पूर्ण नोंदणीही २०२५पर्यंत दहालाच होती. विसावा ठेवला की भविष्य निर्वाह निधी. प्रत्येक पायरीवर नवी वही, नवं पोर्टल, नवा सल्लागार. कामगाराला विमा मिळू नये असं मी म्हणत नाही, माझ्या पोरांचा खासगी अपघात विमा मी काढलेला आहे. पण नऊ माणसांवर मी मुद्दाम थांबलोय हे खरं. काम जास्त आलं की शेजारच्याला देतो. त्याच्याकडेही नऊच आहेत! आपल्या औद्योगिक वसाहतींत एवढी बुटकी वर्कशॉपं का, याचा अभ्यास करायला कुणी यायचं असेल तर चहा माझ्याकडून.

निवृत्त तपासनीस

विरोधी सूर लावायला आलोय. वर तपासनिसाच्या चहाचा उल्लेख आला, तो नाकारणार नाही. आमच्यात असे होते. पण मी कारखाने तपासले आहेत आणि प्रेस मशीनवर बोटं गमावलेली पोरं पाहिली आहेत. मशीनला गार्ड बसवायला काही हजार लागत होते. मालक चांगला माणूस होता, गणपतीला कामगारांना घरी जेवायला बोलवायचा. गार्ड मात्र काढून ठेवला होता, कारण गार्ड असला की नग कमी निघतात.

१९८४ला भोपाळ झालं, तेव्हा कुठे १९८७ला कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं. आधी माणसं मेली, मग नियम आला. तुम्हाला नको असलेल्या वह्यांतल्या काही तिथून आलेल्या आहेत. सगळ्या नाहीत, हेही सांगतो. चुन्याचा हात भिंतींना शेवटचा कधी दिला याची तारीख लिहायचं रजिस्टर मी वर्षानुवर्षं तपासलं आणि त्याने एकाही माणसाचा जीव वाचलेला मला माहीत नाही. नियम कमी करा, जरूर करा. पण कुठला काढायचा हे मशीनवर उभ्या असलेल्यालाही विचारा.

लेथ आणि मी

गार्डचं शंभर टक्के मान्य. चुन्याच्या रजिस्टरला मीही पैसे दिलेत.

चाळमालकाची नात

मुंबईत चाळमालक म्हटलं की सिनेमातला खलनायक उभा राहतो. माझी आजी विधवा होती आणि एका जुन्या इमारतीच्या भाड्यावर तिचं घर चालायचं. १९४७चा भाडे कायदा युद्धानंतरच्या टंचाईपुरता तात्पुरता होता. त्यात प्रमाणभूत भाडं म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं ते. तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढ मिळत गेली, ती थेट शतक संपेपर्यंत. १९९७ला सर्वोच्च न्यायालयाने हे भाडं गोठवणं आता अवाजवी झालंय असं म्हटलं. मग १९९९चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ. चाळीस रुपयांवर चार टक्के काढून बघा.

आजीकडे येणाऱ्या भाड्यात जिन्यातला दिवासुद्धा बदलता यायचा नाही. पावसाळ्यात सज्जा पडला तर पेपरात मालकाच्या दुर्लक्षाची बातमी. आणि खोल्यांची पागडी लाखांत, रोखीत. सरकारने किंमत दाबली तर ती जात नाही, टेबलाखाली जाते. भाडेकरूंबद्दल राग नाही, त्यांच्याच घरातून आजीला सणाला डबा यायचा. पण गरिबाला घर द्यायचं पुण्य सरकारने आजीच्या पैशाने मिळवलं, एवढं मी विसरत नाही. कांदेपात यांचं वाचलं आणि वाटलं, आपण एकाच रांगेत आहोत.

मतदार क्रमांक अमुक

नेतृत्वावर कोणी फार बोललं नाही, म्हणून मी.

आमच्या घरात स्वतंत्र पक्षाला मत जायचं. राजाजी, मिनू मसानी, रंगा. 'परमिट-लायसन्स राज' हे राजाजींनी साठ वर्षांपूर्वी कानीकपाळी ओरडून सांगितलं. १९६७ला ४४ खासदार आले, आणि पुढच्या निवडणुकीत पक्ष जवळजवळ पुसला गेला. १९९१ला नरसिंह रावांनी, बहुमत नसताना, मनमोहन सिंगांना हाताशी धरून परवाने रद्द केले. बहुसंख्य उद्योगांना परवानाच लागेनासा झाला. १९९६ला लोकांनी त्यांना घरी पाठवलं. वाजपेयींनी रस्ते बांधले, दूरसंचार मोकळं केलं, तोट्यातल्याच नव्हे तर नफ्यातल्या सरकारी कंपन्याही विकायची हिंमत दाखवली. २००४ला तेही घरी. मान्य आहे, दोन्ही पराभवांना इतर कारणं होती. पण कुठल्या सभेत परवाना रद्द केल्याबद्दल टाळ्या पडलेल्या मी ऐकल्या नाहीत.

२०१४ला 'किमान सरकार, कमाल कारभार' ऐकून मी मोठ्या उत्साहाने मत दिलं. काही मिळालंही: जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेला पूर्वलक्षी कर २०२१ला गेला, नवउद्योगांतल्या गुंतवणुकीवरचा एंजल कर २०२४ला गेला, आयकराची तपासणी चेहरा न बघता व्हायला लागली. पण ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री लोकांच्या खिशातल्या नोटा एका भाषणात रद्द होणं, हे कुठल्या अर्थाने किमान सरकार? कणखर नेता आणि मर्यादित सरकार या दोन गोष्टी आपल्या लोकांना एकच वाटतात. मला त्या उलट दिशेच्या वाटतात. शेतकी कायदे आणले तेही घाईत आणि मागे घेतले तेही निवडणूक बघून. आणि आता सगळेच पक्ष महिन्याला खात्यात किती टाकणार याची बोली लावतात. आमच्या राज्यात दीड हजारापासून सुरुवात झाली.

कांदेपात

दीड हजार माझ्या घरातही येतात, बायकोच्या खात्यात. ती म्हणते, कांद्याचा भाव सरकारच्या हातात, पण हे पैसे निदान तारखेला येतात. यावर मला उत्तर सुचलं नाही.

मतदार क्रमांक अमुक

वहिनींना सांगा, मलाही नाही सुचलं.

ताळेबंद

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलंय म्हणून इथेच लिहितो: विक्रेत्याने बिल दाखवलं की नाही ते दर महिन्याच्या १४ तारखेनंतर जीएसटी पोर्टलवर तुमच्या २बी विवरणात दिसतं. त्याचे पैसे चुकते करण्याआधी ते बघत जा. निदान कराचा भाग तेवढा रोखून धरता येतो.