मे महिन्यात जळगावात लांब पल्ल्याची धाव: पोटरीत गोळे

तापीकाठ: हाफ मॅरेथॉनची (२१.१ किमी) तयारी चालू आहे. मेहरूण तलावाला १४ किमीनंतर पोटरीत गोळे येतात. पाणी भरपूर पितो, मग चुकतं कुठे?

धुळेकर: भाऊ, बहुतेक वेगात. सुरुवातीला जोरात पळालं की पोटरी आधीच थकते, आणि थकलेला स्नायू आवळतो. पहिले ५ किमी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच पळा. पहाटे साडेपाचच्या आत निघा, इथला डांबरी रस्ता लवकर तापतो. गोळा आलाच तर थांबून पंजा अंगाकडे ओढा, चोळत पळू नका.

केळीबाग: नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तहानेप्रमाणे घोट घोट.

तापीकाठ: चमचा चहाचाच ना?

केळीबाग: हो, चहाचाच. मीठ वाढवू नका, मळमळतं.