खाजऱ्या घोड्याची अ‍ॅलर्जी चाचणी करूच नये, असं माझं मत

टापटीप (धागाकर्ती)

शीर्षक जरा चढ्या आवाजातलं आहे, ठाऊक आहे. पण तीन वर्षं घोडीच्या शेपटीकडे बघत काढल्यावर माणूस मवाळ राहत नाही.

हवा दमट झाली की माझी घोडी आयाळ आणि शेपटीचा बुडखा खांबाला घासायला लागते. पहिल्या वर्षी खांब गुळगुळीत झाला, दुसऱ्या वर्षी शेपटी उंदराची झाली. आयाळीखालची कातडी हाताला वाळल्या चामड्यासारखी लागायची, वळ्या पडलेली, वळ्यांमध्ये ओल्या खपल्या. डॉक्टरांनी रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला: एकवीस गोष्टी पॉझिटिव्ह. ओट, गहू, सोयाबीन, लसूणघास, धुळीतले माइट, बुरश्या, परागकण, वर लोकरसुद्धा.

मी चंदी बंद केली, लसूणघास बंद केला, तीन महिने नुसत्या वाळल्या गवतावर ठेवली. बरगड्या मोजता येऊ लागल्या, खाज होती तिथंच. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी कागदाकडे न बघता विचारलं, "खाज दिवेलागणीला वाढते का?" वाढायची! क्युलिकॉइड्स जातीची चिलटं. एक ते तीन मिलिमीटरचा जीव, मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येतो. त्याच्या लाळेतल्या प्रथिनांची ही अ‍ॅलर्जी. मान आणि पोट झाकणारी बारीक जाळीची झूल घातली, संध्याकाळ व्हायच्या आत तबेल्यात घेऊन पंखा लावला. चिलटं उडण्यात दुबळी, वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. दीड महिन्यात बुडख्यावर लव आली.

तर एकवीस नावांच्या त्या कागदानं मला काय दिलं? धडधाकट घोड्याच्या रक्तातही अशी पॉझिटिव्ह नावं निघतात, हे मला नंतर कळलं. आधी कुणी का नाही सांगितलं?

अबलख

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण तो रक्तचाचणीवरचा आहे. शीर्षकात तुम्ही सगळ्याच चाचण्या झोडपल्यात.

माझ्या घोड्याला बारा महिने गांधी उठायच्या. सकाळी मानेवर, दुपारी पाठीवर, कधी डोळे सुजून बंद. चिलटांचा ऋतू नाही, काही नाही. त्याची कातडीतली चाचणी केली. मानेचे केस चौकोनात काढले, पेनानं ठिपक्यांच्या ओळी आखल्या आणि प्रत्येक ठिपक्याशी कातडीत थेंबभर टोचलं. एका ठिपक्याला नुसतं सलाईन, एकाला हिस्टामिन (अ‍ॅलर्जीत शरीरात सुटणारं, गाठ उठवणारं द्रव्य), म्हणजे खालची आणि वरची पट्टी ठरते. अर्ध्या तासात डॉक्टर डोळे मिटल्यासारखे करून बोटांनी गाठी चाचपत होते. पुन्हा चार तासांनी, पुन्हा दुसऱ्या दिवशी. साठवणीच्या दाण्यातले माइट आणि दोन बुरश्या निघाल्या. त्यांचीच लस बनवून, अंगाला त्यांची सवय व्हावी म्हणून, टोचायला सुरुवात केली. आठ महिने ढिम्म फरक नाही. दहाव्या महिन्यात एक दिवस लक्षात आलं की पंधरवड्यात एकही गांध उठलेली नाही.

आम्ही स्पर्धेत उतरतो. स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन स्पर्धेच्या तोंडावर देता येत नाहीत, नमुन्यात सापडली की घोडा बाद. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?

पागेवाला

टापटीप यांच्याशी सहमत. अबलख, दहा महिन्यांत तुम्ही तबेल्यात आणखी काय काय बदललंत ते सांगा आधी. लस लागली असं म्हणायला पुरावा काय?

आणि चाचणीआधीचे दिवस कुणी लिहीत नाही. अँटिहिस्टामिन आठवडाभर तरी बंद, स्टिरॉइड कित्येक आठवडे बंद, नाहीतर कातडी उठतच नाही. आमच्या घोडीनं त्या काळात स्वतःची छाती दातांनी रक्तबंबाळ केली. चौथ्या दिवशी मीच फोन करून चाचणी रद्द केली. जनावराला खाजवत ठेवून खाजेचं कारण शोधायचं, हे मला पटत नाही.

अबलख

गवत भिजवून द्यायला लागलो होतो, ते कबूल. पण ते आदल्या वर्षीपासून, आणि आदल्या वर्षी गांधी होत्याच. मधे लस तीन महिने तुटली, गांधी परत आल्या. याला पुरावा म्हणा की योगायोग म्हणा, मी सुई पुन्हा सुरू केली.

तुमच्या घोडीचं वाचून वाईट वाटलं. आमचेही ते दिवस कठीण गेले.

चंदीचोर

आमच्या घोड्याला खोगिराची अ‍ॅलर्जी आहे. दिसलं की अंग थरथरतं. चाचणीची गरज पडली नाही.

शालिहोत्री

व्यवसायानं पशुवैद्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

अ‍ॅलर्जी आहे की नाही, हे चाचणीवरून ठरवायचंच नसतं. ते ठरतं इतिहासावरून आणि बाकीची कारणं एकेक करून खोडण्यावरून. चाचणी कामाला येते ती त्यानंतर, लशीत काय घालायचं ते निवडायला. लस द्यायचीच नसेल तर चाचणी करू नका, असं मी मालकाला तोंडावर सांगतो. कातडीतली आणि रक्ताची उत्तरं एकाच घोड्यात पुष्कळदा जुळत नाहीत. निवड करायची झाली तर माझा कल कातडीकडे.

गेल्या वर्षी एक गृहस्थ रक्ताचा अहवाल घेऊन आले, लस लिहून द्या म्हणाले. मी घोड्याच्या मानेचे केस दोन बोटांनी फाकवले आणि टॉर्च मारला. उवा चालत होत्या. घोड्याला रोज खरारा व्हायचा, तरी कुणी बघितलं नव्हतं! पायाच्या खालच्या भागात खाज असेल तर आधी खरजेचे किडे बघा, पोटाच्या मधल्या रेषेवर असेल तर ऑन्कोसर्काचे सूक्ष्मकृमी, गोल चट्टे असतील तर गजकर्ण. या सगळ्यांना साधे उपाय आहेत.

खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त तपासण्यावर माझा अजिबात विश्वास नाही. त्याला एकच मार्ग, संशयित जिन्नस सहा-आठ आठवडे पूर्ण तोडायचे आणि मग एकेक करून परत द्यायचे. टापटीप, तुम्ही तोडलंत, पण परत देऊन बघितलं नाहीत, तेव्हा त्या तीन महिन्यांतून फारसं कळण्याजोगं नव्हतंच.

चिलटांच्या बाबतीत मात्र तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचा प्रश्न लाख मोलाचा. आइसलँडमध्ये २०१५ पर्यंत क्युलिकॉइड्स आढळली नव्हती. तिथं जन्मून नंतर युरोपात गेलेल्या घोड्यांना ही खाज फार मोठ्या प्रमाणात जडते, त्याच जातीच्या पण युरोपात जन्मलेल्या शिंगरांना त्या मानाने खूप कमी. लहानपणी चिलटांची ओळख झालेली बरी, असा त्याचा अर्थ लावतात. चिलटांवरच्या लशीचे निकाल मात्र आजवर संमिश्रच आहेत. तिथं झूल आणि पंखाच पहिले.

पागेवाला, औषधं तोडण्याबद्दल तुमचं खरं आहे. पण दुसरी बाजूही बघा. वर्षानुवर्षं स्टिरॉइड दिलेल्या घोड्याला लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतल्या सुजेचा, धोका असतो, आणि खूर गेला की घोडा गेला.

पागेवाला

डॉक्टर, मग प्रयोगशाळा रक्तात ओट आणि गहू तपासून देतातच कशाला?

शालिहोत्री

विकलं जातं म्हणून.

टापटीप (धागाकर्ती)

शीर्षकात 'रक्ताची' हा शब्द राहिला. आता बदलता येत नाही, तर तसा वाचून घ्या. अबलख यांच्या घोड्यासारखा बारमाही रोगी माझ्या डोळ्यासमोर नव्हता, हेही मान्य.

एक गोष्ट मात्र मी वर लिहिली नाही, कारण ती माझ्याच विरुद्ध जाते. यंदा भर थंडीतही ती शेपूट घासतेय. झूल आहे, पंखा आहे, चिलट औषधालाही नाही.

अबलख

बघा! करून घ्या कातडीतली चाचणी, तिला स्टिरॉइड चालू नाही तोवरच.

शालिहोत्री

थांबा थांबा. आयाळ कशी आहे?

टापटीप (धागाकर्ती)

आयाळ झकास. केस हातभर वाढलेत. फक्त शेपूट.

शालिहोत्री

मग चाचणी राहू द्या. ऑक्सियुरिस नावाच्या कृमीची मादी गुदद्वाराबाहेर येऊन कातडीवर अंडी चिकटवते, त्यानं घोडा फक्त बुडखा घासतो. शेणाच्या तपासणीत ही अंडी बऱ्याचदा सापडत नाहीत. पारदर्शक चिकटपट्टी शेपटीखाली दाबून काढा, काचपट्टीवर चिकटवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. सकाळी, शेपूट धुवायच्या आधी.

टापटीप (धागाकर्ती)

आणि मी गेला महिनाभर रोज सकाळी शेपूट धुतेय. उद्या नाही धुत.