विषय: आईच्या गच्चीसाठी ट्यूलिपचे कंद

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर संपत आला आणि इथल्या दुकानांत ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकसच्या कंदांच्या जाळीच्या पिशव्या दिसायला लागल्या. यंदा पहिल्यांदाच आमचं स्वतःचं अंगण आहे. आता लावले तर उशीर होईल का? काही कुंड्यांतही लावायचे आहेत.

दुसरा प्रश्न आईसाठी. आई-बाबा सध्या आमच्याकडे आहेत, पुढच्या आठवड्यात पुण्याला परत जातील. गेल्या एप्रिलमध्ये मी तिला फोनवर शेजाऱ्यांचे ट्यूलिप दाखवले होते. तेव्हापासून कर्वेनगरच्या गच्चीत अशी फुलं यावीत असं तिच्या मनात आहे. तिच्या बॅगेत डझनभर कंद देऊ का? पुण्यात कुणी करून पाहिलंय का?

मृणाल

*

प्रेषक: विद्याकाकू, पुणे

प्रिय मृणाल,

मी बावीस वर्षं न्यू जर्सीत राहिले आणि आता सहकारनगरला आहे. दोन्हीकडची माती हातांनी उकरली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बॅगेचं. कंद देऊ नकोस. लागवडीचा कंद भारतात आणायचा तर आयात परवाना आणि तिकडचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, बॅगेतून असा आणता येत नाही. नियम कटकटीचा वाटेल, पण कंदाबरोबर बुरशी आणि सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) येतात आणि ते आपल्या कांदा-लसणाच्या शेतापर्यंत पोचू शकतात.

आता गच्चीचं. ट्यूलिपचा कंद उन्हाळ्यातच आपल्या पोटात पुढच्या वर्षीची कळी तयार करून ठेवतो. पण तिचा दांडा लांबायला 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, साधारण 9 अंशांच्या खालची. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा 10-12 वर येतो, एखाद्या दिवशी त्याखालीही उतरतो, आणि दुपारी पुन्हा 28-30 होतो. ही थंडी स्वेटरला पुरते, ट्यूलिपला नाही. मग फ्रिजचाच आधार घ्यावा लागतो.

तो मी घेतला होता. इकडेच मागवलेले बारा कंद ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. संक्रांतीनंतर कुंडीत लावले. तीन आठवड्यांत रुंद, निळसर हिरवी पानं आली. घरात रोज सकाळी चहाआधी सगळे गच्चीत जाऊन बघत होते. पण फूल एकालाही आलं नाही. शेवटी एक कंद उपटून विळीवर उभा चिरला. कांद्यासारखेच पांढरे, रसरशीत पापुद्रे, आणि मधोमध दांड्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी तपकिरी, कागदासारखी सुकलेली कळी. ती नखानं उचलली तर भुगा झाला. फार वाईट वाटलं मला.

कारण त्याच कप्प्यात होतं. दसरा-दिवाळीची सफरचंदं, पेरू, चिकू सगळे तिथेच ठेवले होते. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्यानं कंदातली कळी आतल्या आत मरते. पुढच्या वर्षी भावाच्या जुन्या फ्रिजमध्ये, फळांपासून लांब ठेवले, तेव्हा बारांपैकी सात फुलले. दांडे वीतभरच आले. सकाळी अकराच्या उन्हात पाकळ्या बशीसारख्या उघडायच्या आणि चौथ्या दिवशी गळून गेल्या. पुण्याच्या उन्हाळ्यात तो कंद पुन्हा भरत नाही, म्हणजे दरवर्षी नवे आणायचे. आईला ट्यूलिप बघायचेच असतील तर एप्रिलच्या सुरुवातीला तिला श्रीनगरला घेऊन जा. दल सरोवराच्या वरच्या अंगाला, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची बाग आहे.

गच्चीत मात्र पुण्याच्या हवेत आपणहून फुलणारे कंद लावावेत असं माझं ठाम मत आहे. पहिला अॅमरिलिस. नर्सरीत ‘लिली’ म्हणूनही देतात. आठ इंची कुंडी, कंदाचा गळा मातीच्या वर राहिला पाहिजे. पूर्ण पुरला की पावसात कुजलाच म्हणून समज. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी अगदी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी पुन्हा सुरू करायचं. मार्च-एप्रिलमध्ये पोकळ दांड्यावर तीन-चार मोठी फुलं येतात. दुसरी फुटबॉल लिली. मूळची आफ्रिकेतली, पण आपल्या वळवाच्या सरींशी तिचं छान जमलंय. मेमध्ये पहिला पाऊस पडला की लाल गोळा वर येतो. निशिगंध मार्च-एप्रिलमध्ये लावला तर पावसाळ्यापासून फुलायला लागतो.

आणि भुईचाफा. आईला हा नक्की आठवत असेल. दिवाळीनंतर पानं सुकून जातात, कुंडी रिकामी दिसते, घरातलं कुणीतरी ती माती दुसरीकडे ओतायला निघतं. ओतू द्यायची नाही! चैत्र-वैशाखात एकही पान नसताना थेट मातीतून जांभळट पांढरं फूल उमलतं, त्याचा वास घ्यायला गुडघ्यांवर बसावं लागतं. पानं फुलं संपल्यावर येतात.

मातीकडे लक्ष द्या. नुसती काळी माती वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. पोयटा (गाळाची माती), जुनं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि धुतलेली जाड वाळू, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा. पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळी-पांढरी ठिपकेदार अळी येते, एका रात्रीत अख्खं पान खाते. मी पहाटे टॉर्च घेऊन त्या वेचते आणि साबणाच्या पाण्यात टाकते. फवारणीची गरज पडत नाही.

तुझ्या अंगणाला अजिबात उशीर झालेला नाही. डॅफोडिल या आठवड्यात लाव, त्यांना मुळं धरायला वेळ हवा. ट्यूलिपला नोव्हेंबर चांगला, जमीन गार झाली की बुरशीचा त्रास कमी होतो. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, म्हणजे ट्यूलिप 15 ते 20 सेंटीमीटर, क्रोकस 8 ते 10, टोक वर. फुलं गेल्यावर पानं हिरवी आहेत तोवर कापू नकोस, वेणीही घालू नकोस. त्या पाच-सहा आठवड्यांत पान पुढच्या वर्षीचा कंद भरत असतं.

एक कळकळीचं सांगणं. डॅफोडिलच्या कंदांची पिशवी स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नकोस. ते हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. आई तुझ्या ओट्यापाशी नवीन आहे, आजच पिशवी गॅरेजमध्ये नेऊन ठेव.

विद्याकाकू

*

प्रेषक: अविनाश

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, कुंड्यांबद्दल थोडं माझंही. मोठ्या कुंडीत थर लावता येतात. तळाला ट्यूलिप, त्यावर माती घालून डॅफोडिल, सगळ्यांत वर क्रोकस. खालचे कोंब वरच्यांना चुकवून वाट काढतात आणि मार्चपासून मेपर्यंत एकच कुंडी फुलत राहते. पण कुंडी चारी बाजूंनी गोठते, जमीन तशी गोठत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत ती गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवा आणि माती पूर्ण सुकू देऊ नका.

आमच्याकडे पहिल्या वर्षी खारींनी चाळीसपैकी बहुतेक ट्यूलिप उकरून नेले. तेव्हापासून मातीखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरतो, कोंब तिच्यातून वर येतात. हरणं वाढलेले ट्यूलिप खातात, डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. कुंपण नसेल तर डॅफोडिलच जास्त लावा.

अविनाश

*

प्रेषक: मृणाल

काकू, पिशवी लगेच गॅरेजमध्ये नेली. ती खरंच ओट्याखाली, बटाट्यांच्या टोपलीशेजारी होती. तुमचा मेल आईला वाचून दाखवला. भुईचाफ्याचं ऐकून ती गप्पच झाली. वाईला तिच्या आजोळी विहिरीजवळ होता म्हणे, आणि शाळेत जाताना ती फूल वेणीत माळायची. तिला आता ट्यूलिप नको, भुईचाफा हवाय. पुण्यात कुठे मिळेल?

काल दुपारी आम्ही दोघींनी मिळून तीस डॅफोडिल लावले. खड्डे मी केले, कंद तिनं ठेवले.

मृणाल

*

प्रेषक: विद्याकाकू, पुणे

मृणाल,

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत कधीकधी मिळतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथल्या रोपांच्या गाळ्यांवरही विचारता येईल. पण आईला शोधत फिरायला लावू नकोस. माझ्या कुंडीत कंदांची गर्दी झाली आहे, पानं सुकायला लागली आहेत, म्हणजे काढायला आत्ताच योग्य वेळ. सहा कंद राखेत घोळवून, कागदात गुंडाळून ठेवते. ते फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, फेब्रुवारी संपेपर्यंत कोरड्या सावलीत राहू देत. मग दोन इंच खोल लावायचे आणि वैशाखाची वाट बघायची.

आई पुण्यात पोचली की मला फोन करू दे. मी स्वतः कर्वेनगरला आणून देते, कुंडी कुठे ठेवायची तेही बघते. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली लागते त्याला. पत्ता मला वेगळा पाठव, इथे सगळ्यांना नको.

विद्याकाकू