राष्ट्रीय महामार्गांवरील जोखीम: आधी कोणती हाताळायची, हे कसे ठरते?

प्रश्न: नऱ्हे_रहिवासी

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावरून माझे रोजचे जाणे-येणे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या उतारावर एका मालमोटारीने ४८ वाहनांना धडक दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथेच पुन्हा भीषण अपघात होऊन आग लागली. मधल्या काळात रम्बलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे उंच पट्टे), फलक, वेगमर्यादा असे उपाय झालेले मी पाहिले आहेत. माझा प्रश्न मात्र या एका उतारापुरता नाही. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के आहे. तरीही २०२२ मध्ये रस्ते अपघातांत दगावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ६१,०३८ जणांचा मृत्यू याच रस्त्यांवर झाला. सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या या जाळ्यात पैसा आधी कोठे घालायचा, हे कसे ठरवतात? केवळ अपघातांच्या संख्येवरून केलेली यादी त्यासाठी पुरेशी असते का?

उत्तर: निवृत्त_उपअभियंता

पुरेशी नसते, आणि याचे कारण त्या यादीच्या व्याख्येतच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ठरवलेल्या व्याख्येनुसार महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर त्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. म्हणजे आधी माणसे मरावी लागतात, मग जागा यादीत येते. वारंवार घडणाऱ्या अपघातांसाठी ही पद्धत उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. नवले पुलाचा उतार किंवा खंबाटकीचे ‘एस’ वळण अशाच यादीमुळे शासनाच्या नजरेसमोर राहिले.

परंतु महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल आठवून पाहा. १९२८ साली बांधलेला तो दगडी कमानींचा पूल अशा कोणत्याही यादीत बसण्याचे कारण नव्हते, कारण तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीपर्यंत उभा होता. आणि त्या रात्री पुराने तो कोसळला तेव्हा एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. वर्षानुवर्षे काहीच घडत नाही आणि घडते तेव्हा सारे एकदम घडते, अशा जोखमीला अपघातांचा तक्ता आंधळा असतो. तेथे शक्यता आणि परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या लिहून मगच त्यांचा एकत्र विचार करावा लागतो. त्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील पूल व मोऱ्यांची नोंद ठेवणारी भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली, हे योग्यच झाले. तरी नोंद म्हणजे तपासणी नव्हे. पाण्याखाली पायाजवळची माती किती धुपली आहे, हे कठड्यावरून वाकून पाहणाऱ्याला कधीच दिसणार नाही. त्यासाठी पाणी उतरल्यावर खाली जावे लागते आणि मागील वर्षीच्या मापाशी ताडून पाहावे लागते.

तिसरा प्रकार जाळ्याच्या जोखमीचा, म्हणजे एक जागा बंद पडली की साऱ्या मार्गाची वाहतूक अडण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद राहिला आणि २०२१ च्या जुलैत तेच पुन्हा घडले. दूध आणि इंधन दोन्ही अडकले. अशा ठिकाणी पर्यायी मार्ग आहे की नाही, आणि असल्यास तोही त्याच पुरात बुडतो का, यावर जागेचे महत्त्व ठरते. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत कमी विचार याच प्रश्नाचा होतो.

उत्तर: मार्केटयार्ड_वाहतूक

मी मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे, म्हणून उताराबद्दल थोडे लिहितो. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलवर टाकतात किंवा इंजिनच बंद करतात. त्यामुळे इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकमधील हवा पुन्हा भरत नाही आणि ब्रेकही तापून निकामी होतात. २०२२ च्या अपघातातही उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासात पुढे आले होते. फलक उताराच्या मध्यावर लावून उपयोग नाही. बोगद्याच्या आधीच जड वाहने थांबवून ब्रेक तपासण्याची सोय हवी. चालकाला दोष देणे सोपे आहे, पण चूक होणारच असे गृहीत धरून रस्ता आखणे हे रस्ता चालवणाऱ्याचे काम आहे.

उत्तर: करार_अभ्यासक

वरील चर्चेत एक बाजू राहिली आहे: प्रत्येक जोखमीला धनी कोण? कंपनीने स्वतःच्या पैशाने रस्ता बांधून टोलमधून तो वसूल करायचा, अशा बीओटी-टोल करारात वाहने कमी आली तर तोटा ठेकेदार कंपनीचा असतो. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत सरकार ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात व उरलेली हप्त्यांनी देते आणि टोल स्वतःकडे ठेवते, त्यामुळे तो तोटा सरकारकडेच राहतो. पैशाची जोखीम अशी कागदावर वाटता येते, पण पूल पडण्याची जोखीम तशी वाटता येत नाही. इटलीत जेनोआ येथील मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जण दगावले. तो रस्ता खासगी कंपनी चालवत होती, तरी लोकांनी जाब सरकारलाच विचारला आणि २०२२ मध्ये सरकारी वित्तसंस्थेच्या नेतृत्वाखालील समूहाने त्या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास यंत्रणा, ठेकेदार व सल्लागार यांना जबाबदार धरते. मात्र दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. कोट्यवधींच्या कंत्राटात एवढ्या रकमेची कोणाला धास्ती वाटेल, याविषयी मला शंका आहे.

नऱ्हे_रहिवासी

सर्वांचे आभार. आमच्या सोसायट्यांच्या समितीने या बाबतीत नेमके काय मागावे?

निवृत्त_उपअभियंता

माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: त्या टप्प्याचे रस्ता सुरक्षा ऑडिट, त्यातील शिफारशींवर झालेल्या कार्यवाहीचा अहवाल आणि पुलांच्या गेल्या दोन तपासण्यांच्या नोंदी. अर्जात किलोमीटरचे आकडे अचूक द्या, नाहीतर ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे उत्तर येते. मिळालेल्या कागदांत प्रत्येक शिफारशीसमोर अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत लिहिली आहे का, हे आधी पाहा. ती जागा कोरी असेल, तर पुढचा अर्ज तेवढ्यापुरताच करा.