सांगली: इमारत पाडून नवी होणार, गेम पार्लरचा परवाना नव्या गाळ्यात चालतो का?

गावभागकर
गावभागात तळमजल्यावर व्हिडिओ गेम पार्लर आहे. बारा मशिन, परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. आता इमारत पाडून नवी बांधायचं ठरतंय. परवाना नव्या गाळ्याला आपोआप लागू होतो का? शिवाय मशिन पुरवणारा म्हणतोय, महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा आहे, त्याखाली चार स्लॉट मशिन बसवू. खरं का?

कलम_तेरा
दुसरं आधी, कारण त्यात अटक आहे. १९७६ चा महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम मंजूर झाला, पण अंमलात कधी आलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. अर्ज देणार कुठे? गोव्यात स्लॉट चालतात ते तिथल्या जुगार कायद्यात १९९२ साली घातलेल्या कलम १३अ मुळे, तेही पंचतारांकित हॉटेलात. इथे १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा लागतो. कलम ४ खाली चालवणारा अडकतोच, जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही अडकतो. कलम १३ ची सूट निव्वळ कौशल्याच्या खेळालाच. बटण दाबलं, चाकं फिरली, चित्रं जुळली, यात कौशल्य कसलं?

साध्या मशिनवरही पॉइंटचे रोख पैसे देऊ नका. धाड पडली की काउंटरखालची पॉइंटची वहीच पुरावा होते.

नकाशावाला
परवाना आपोआप जात नाही. तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खालच्या नियमांनी, जागा बघून दिलेला असतो. जागाच पाडली तर नव्या जागेसाठी नवा अर्ज. सांगलीत पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडेच.

गावभाग म्हणजे कृष्णेचा काठ, तेव्हा पूररेषा आधी बघा. निळ्या (नदीजवळच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या, बाहेरच्या) रेषेच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. मग रस्त्याला लागून असलेला गाळा वर चढतो आणि खाली पार्किंग येतं. बिल्डरच्या करारात ‘तळमजल्यावर तेवढंच क्षेत्र’ एवढंच लिहिलं असेल तर तिथेच फसाल. मजला, जोत्याची उंची, रस्त्याकडचं तोंड, सगळं लिहून नोंदणी करा.

गावभागकर
मंजुरीच्या नकाशात गाळा ‘दुकान’ दाखवलाय. चालेल?

नकाशावाला
आत्ताच बदलून घ्या. वापरात मोठा बदल हासुद्धा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात ‘विकास’च धरतात, म्हणजे नंतर पुन्हा परवानगी. करमणुकीच्या जागेचे बाहेर पडायचे मार्ग आणि अग्निशमन दुकानापेक्षा कडक असतात. भिंती उठल्यावर दुसरा दरवाजा काढायला कोणी तयार होत नाही. बांधकाम परवानगी एक वर्षाची, मुदतवाढ धरून कमाल चार वर्षं. तेवढ्यात काम सुरूच झालं नाही तर पुन्हा त्याच कायद्याच्या कलम ४४ चा, म्हणजे नव्या परवानगीचा अर्ज. भोगवटा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एकही मशिन आत नेऊ नका.