डीटीपीच्या मशीनवरची विंडोज ७ : पॅच मारून चालवायची की काढून टाकायची?

कंपोझिटर

लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, जाहिरनामे. हे काम करणारी कितीतरी डीटीपी सेंटरं आजही पेजमेकर ७ (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्री-लिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) यांवर चालतात, आणि खाली असते विंडोज ७. 'सपोर्ट संपला, काढून टाका' हा सल्ला सरसकट दिला जातो. तो मला पटत नाही. पूर्ण अपडेट केलेली आणि इंटरनेटपासून तोडलेली विंडोज ७ या एका कामासाठी ठेवायला हरकत नाही. मात्र 'पूर्ण अपडेट केलेली' हे शब्द फार ढिलेपणाने वापरले जातात. बहुतेक ठिकाणी सर्व्हिस पॅक १ टाकला की काम झालं असं समजतात.

मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, पण मुख्य पॅच मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून दुसऱ्या संगणकावर उतरवता येतात. ३२-बिटचे वेगळे, ६४-बिटचे वेगळे. क्रम असा ठेवा :

सर्व्हिस पॅक १, मग केबी ३०२०३६९ ('केबी' म्हणजे मायक्रोसॉफ्टने पॅचला दिलेला क्रमांक), मग केबी ३१२५५७४. हा शेवटचा म्हणजे एप्रिल २०१६ पर्यंतच्या बहुतेक पॅचचा एकत्र गठ्ठा. रीस्टार्ट. पुढे केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९, पुन्हा रीस्टार्ट. मग केबी ४५३६९५२ आणि शेवटी केबी ४५३४३१०, म्हणजे जानेवारी २०२० चा शेवटचा मोफत मासिक पॅच.

मधली जोडी (केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९) सोडली तर पुढचं काहीच बसत नाही. २०१९ च्या मध्यापासून मायक्रोसॉफ्टने पॅचवरची डिजिटल सही (पॅच खरा असल्याची खूण) शा-१ या जुन्या पद्धतीवरून शा-२ या नव्या पद्धतीवर नेली आणि जुन्या विंडोज ७ ला ती सही ओळखताच येत नाही. ८००९२००४ हा एरर दिसला की समजायचं, केबी ४४७४४१९ राहिलाय. लोक तिथे अख्खी विंडोज पुन्हा टाकत बसतात.

शेवटच्या पॅचने एक खोडी केली होती : 'स्ट्रेच' केलेला वॉलपेपर काळा पडायचा. त्यासाठी केबी ४५३९६०२ आहे, तोही टाकून घ्या. गिऱ्हाईक काळा पडदा बघून मशीन बिघडलं म्हणतं.

पोर्ट४४५

क्रम बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

'इंटरनेटपासून तोडलेली' हे फक्त कागदावर असतं. प्रूफची पीडीएफ गिऱ्हाइकाला जाते कशी? एकतर त्याच मशीनवर व्हॉट्सॲप वेब उघडलेलं असतं, नाहीतर पेनड्राइव्ह फिरतो. डीटीपी सेंटरमध्ये दिवसभरात अनोळखी माणसांचे जेवढे पेनड्राइव्ह लागतात तेवढे बँकेतही लागत नसतील. तुटलेल्या नेटवर्कमध्ये पेनड्राइव्हने काय शिरतं ते इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात २०१० मध्ये जगाने पाहिलं. तिथे शिरलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने वापरलेली शॉर्टकट फाइलची फट (सुरक्षेतली चूक) त्या वर्षी बुजवली असं जाहीर झालं. प्रत्यक्षात तो पॅच अपुरा होता आणि उरलेलं काम २०१५ मध्ये करावं लागलं. आता विंडोज ७ मध्ये नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी बसलेलं नाही. सशुल्क पॅचसुद्धा १० जानेवारी २०२३ ला संपले.

दुसरं, लॅन, म्हणजे सेंटरमधल्या संगणकांचं आपसातलं नेटवर्क. इंटरनेट नसलं तरी फोल्डर शेअर केलेले असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला तो याच वाटेने, एसएमबी या फाइल-शेअरिंगच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतून, पोर्ट ४४५ वर. बाधित संगणकांत बहुतांश विंडोज ७ चेच होते आणि पॅच दोन महिने आधी, मार्चमध्ये आलेला होता. म्हणजे पॅच असतानाही लोकांनी टाकला नाही. आता पॅचच नसताना तेच लोक शिस्त पाळतील, यावर मी विश्वास ठेवू?

कंपोझिटर

पोर्ट ४४५ चा मुद्दा खरा आहे, पण त्याला उपाय आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये 'एसएमबी१' नावाची ३२-बिट डीवर्ड किंमत बनवून ० द्या, रीस्टार्ट करा. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, त्यामुळे विंडोज १० शी फाइलींची देवघेव चालू राहते. बंद पडतं ते एक्सपीचं मशीन आणि जुन्या कॉपियरचं 'स्कॅन टू फोल्डर'. स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर वळवता येतं.

समोर विंडोज ११ प्रो २४एच२ असेल तर आणखी एक अडचण येते : पासवर्ड नसलेला शेअर ती उघडतच नाही. विंडोज ७ वर पासवर्ड असलेलं वेगळं खातं काढा आणि शेअर त्या खात्यालाच द्या. 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन मोकळं होण्याची सवय तशीही घातकच.

तळटीप

दोघांच्याही मधली एक गोष्ट राहिली. बरेच जण मशीन तोडत नाहीत, 'थोडं नेट' ठेवतात. त्यांना नेमकं काय मिळतं ते बघा.

क्रोम १०९ वर थांबलं. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ पॅच मिळणारी आवृत्ती) ही विंडोज ७ वरची शेवटची शाखा. मोझिलाने तिची मुदत अनेकदा वाढवली, पण ती वाढीव मुदतच आहे. घड्याळ बरोबर असूनही एखादी साइट 'प्रमाणपत्र चुकीचं' म्हणते तेव्हा कारण बहुधा रूट प्रमाणपत्राचं (ज्यावर बाकीची प्रमाणपत्रं टेकतात त्या मूळ प्रमाणपत्राचं) असतं : लेट्स एन्क्रिप्ट ही साइटना मोफत प्रमाणपत्रं देणारी सेवा ज्यावर टेकलेली होती ते जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि नवं तुमच्या विंडोजच्या यादीत आलेलंच नाही. क्रोम १०९ ला तो त्रास कमी, कारण ते स्वतःची यादी बाळगू लागलं होतं, फायरफॉक्सचंही तसंच. अडकतात ते विंडोजच्या यादीवर चालणारे बाकीचे प्रोग्राम. (घड्याळच चुकत असेल तर आधी सीआर२०३२ सेल बदला. या वयाच्या बोर्डांवर तोच पहिला संशयित.)

आउटलुक २०१० मेल उचलत नाही, ही तक्रार वेगळी. विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित बोलण्याची पद्धत) आहे, पण मुळात बंद असतं. केबी ३१४०२४५ टाकून रजिस्ट्रीत विनएचटीटीपीच्या खाली 'डीफॉल्ट सिक्युअर प्रोटोकॉल्स' ला हेक्स ए०० द्यावं लागतं. ६४-बिटवर हेच वाव६४३२नोडच्या खालीही. शिवाय एसचॅनलमध्ये टीएलएस १.२ च्या क्लायंटला 'डिसेबल्ड बाय डीफॉल्ट' ०. नुसता पॅच टाकून काही होत नाही आणि मग दोष मेल कंपनीला दिला जातो.

आणि एक विनंती : दुकानांच्या बिलिंग मशीनसाठीच्या पीओएसरेडी ७ चे पॅच ऑक्टोबर २०२४ पर्यंत येत होते, ते साध्या विंडोज ७ वर जबरदस्तीने बसवायच्या युक्त्या फिरतात. त्या नादाला लागू नका. परवान्यात ते बसत नाही, आणि परवाना तपासणारा भाग चुकवण्यासाठी कोणा अनोळखी माणसाची फाइल सिस्टिमच्या गाभ्यात घालावी लागते. सुरक्षेसाठी हे करणं म्हणजे कुलूप बदलायला चोराला बोलावणं.

निळापडदा

सुरक्षेवर पुष्कळ झालं. अशी मशीन प्रत्यक्षात का रखडतात त्याबद्दल लिहितो, कारण 'विंडोज म्हातारी झाली' हे कारण नसतं.

सी ड्राइव्ह भरत जातो आणि कोण भरतंय ते सापडत नाही, ही सर्वांत जास्त दिसणारी तक्रार. विंडोज\टेम्प उघडा. तिथे 'कॅब_' ने सुरू होणाऱ्या, प्रत्येकी शंभरेक एमबीच्या फाइली रांगेने दिसल्या तर कारण सापडलं. अपडेट बसवणारा भाग आपला सीबीएस लॉग (कामाच्या नोंदींची फाइल) वेळोवेळी आवळून ठेवतो. लॉग २ जीबीच्या पुढे गेला की आवळणारा प्रोग्राम नापास होतो, अर्धवट कॅब फाइल टेम्पमध्ये टाकतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच करतो. डिस्क भरेपर्यंत. नुसता टेम्प रिकामा केला तर आठवड्यात पुन्हा भरतो. आधी 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' ही सर्व्हिस थांबवा, विंडोज\लॉग्ज\सीबीएस मधला मोठा लॉग आणि 'सीबीएसपर्सिस्ट' नावाच्या फाइली काढा, मग टेम्पमधल्या कॅब काढा, मग सर्व्हिस सुरू करा.

दुसरं : एसव्हीचोस्ट (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसरचा एक कोर पूर्ण खातो आणि मेमरीही. ते विंडोज अपडेटचं शोधकाम. केबी ३१७२६०५ ने ते सुधारतं. मशीन तोडलेलंच असेल तर अपडेट सर्व्हिस सरळ बंद करा, शोधायला काही उरलेलं नाही.

एसएसडी टाकताना सेटप मुळात एक्सपीच्या काळातल्या पार्टिशनवरून क्लोन केलेला असेल तर पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू होतं आणि एसएसडीच्या ४ केबीच्या खणांशी जुळत नाही. लिहिण्याचा वेग पडतो. पार्टिशन १ एमबीवर सुरू होतंय ना ते बघा. ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणं) विंडोज ७ ला येतं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेऊ नका.

३२-बिट असेल तर ८ जीबी रॅम लावून उपयोग नाही. सव्वातीन-साडेतीनच्या पुढची दिसत नाही.

पोर्ट४४५

हे सगळं करायचं, एवढी मेहनत घ्यायची आणि शेवटी सगळं उभं आहे कशावर, तर २०१० च्या आसपासच्या मदरबोर्डवर आणि एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर). बोर्ड गेला की नव्यावर विंडोज ७ बसत नाही : सेटपमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, माउस-कीबोर्डच मेलेले असतात, एनव्हीएमई डिस्क दिसत नाही. म्हणून म्हणतो, विंडोज ७ व्हर्च्युअल मशीनमध्ये (खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकात) टाका. बाहेर विंडोज ११ किंवा लिनक्स, ज्याला आज पॅच मिळतात. ८ जीबी रॅम, त्यातली २ जीबी आतल्या विंडोज ७ ला, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू.

जुनी मशीन तशीच्या तशी उचलता येते. सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी चालत्या विंडोजची व्हीएचडी फाइल (व्हर्च्युअल डिस्क) बनवतं, ती व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सला जोडा. सुरू होताना ७बी कोडचा निळा पडदा आला तर डिस्क कंट्रोलर जुळलेला नाही : आयडीई करून बघा, किंवा फाइल बनवण्याआधी जुन्या मशीनच्या रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' सर्व्हिसचं 'स्टार्ट' ० करा. आतलं नेटवर्क कार्ड काढून टाका. फाइली शेअर्ड फोल्डरने. व्हायरस शिरलाच तर स्नॅपशॉटवर (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत जायला एक मिनिट लागतं. खऱ्या मशीनवर ही सोय आहे?

कंपोझिटर

सोय चांगली आहे, पण डोंगलचं काय?

श्री-लिपीच्या जुन्या आवृत्त्या हार्डवेअर लॉकवर, म्हणजे पोर्टला लावायच्या डोंगलवर चालतात. यूएसबीचा लॉक असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी फिल्टर लावून आत नेता येतो. कंट्रोलर यूएसबी २ चाच निवडा, ३ चा ड्रायव्हर विंडोज ७ कडे नाही. बहुतेक लॉक चालतात. काही लॉक मात्र व्हर्च्युअल मशीन ओळखून नकार देतात, आणि ते आधी कळत नाही.

पॅरलल पोर्टचा जुना लॉक असेल तर विषय संपला. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते. लॉकचा प्रोग्राम थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतो आणि त्या केबलमध्ये तो पत्ताच नसतो. शिवाय मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना त्या मशीनचाच; व्हर्च्युअल मशीनमध्ये गेला की ॲक्टिव्हेशन उडतं, आणि नियमाने तो तिकडे नेताही येत नाही. म्हणून अशा ठिकाणी खरं मशीनच ठेवावं लागतं. एक जादा बोर्ड, एक एसएमपीएस आणि डिस्कची पूर्ण इमेज कपाटात ठेवा.

अक्षरजुळणी

तुम्ही दोघं विंडोजवर भांडताय. अडकलंय ते विंडोजमुळे नाही, पेजमेकरच्या पीएमडी फाइलींमुळे.

पेजमेकर ७ आला २००१ मध्ये आणि त्याला युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले कोड) माहीतच नाही. श्री-लिपी असो, कृतिदेव असो, आत साठवलेली अक्षरं इंग्रजीची असतात, वर मराठी आकाराचा फॉन्ट चढवलेला. फॉन्ट गेला की कचरा. विंडोज ७ व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकली काय आणि कपाटातल्या बोर्डवर ठेवली काय, हा बांधलेपणा सुटत नाही, पुढे ढकलला जातो.

सुटण्याची वाट अरुंद आहे पण आहे. इनडिझाइन या पेजमेकरनंतरच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडतात. त्यानंतरच्या सीसी मालिकेत ती सोय काढली. म्हणजे सीएस६ चा परवाना असलेलं एक मशीन गाठा, पीएमडी उघडा, आयडीएमएल म्हणून साठवा. आयडीएमएल आजच्या इनडिझाइनमध्ये उघडते. फॉन्ट तोच लावलेला असला पाहिजे, नाहीतर ओळी सरकतात. मग मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये.

इथे हाताने तपासणीला पर्याय नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार उलटा : 'कार्य' मध्ये तो आकाराने शेवटी, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी. कन्व्हर्टर हे बहुतेक वेळा सांभाळतात, पण दोन्ही एकत्र आले की घसरतात : 'मार्मिक', 'धार्मिक', 'आर्थिक' शोधून बघा. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला अर्धा र हमखास रफार होऊन बसतो. हे शब्द शोध-आणि-बदलाने आधी काढा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतील आणि दोष कन्व्हर्टरला द्याल.

कंपोझिटर

पाचशे पानांच्या वंशावळीच्या पुस्तकाला हे करायला बसलात तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. हा हिशेब पण धरा.

अक्षरजुळणी

धरलाय. म्हणूनच सगळं रूपांतर करू नका. दरवर्षी परत येणारं काम आधी : वार्षिक अहवाल, घटना-नियमावल्या, पंचांगाची पानं, शाळांचे फॉर्म. एकदा छापून संपलेल्याची फक्त पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट आत बसवून. पेजमेकरमधून ती पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून डिस्टिलर या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्राममार्गे काढावी लागते. 'एम्बेड ऑल फॉन्ट्स' वर खूण आहे ना ते बघा, आणि पीडीएफ श्री-लिपी नसलेल्या मशीनवर उघडून खात्री करा. ज्या मशीनवर बनवली तिथे ती नेहमीच बरोबर दिसते.

पोर्ट४४५

हे चालेल. पण तोवर त्या विंडोज ७ च्या मशीनला गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावू नका. तो आधी दुसऱ्या, पॅच मिळणाऱ्या मशीनवर तपासा आणि फाइली शेअरमधून आत घ्या. जुन्या मशीनचे पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट बोर्डवरून सोडवून ठेवा, एकाच हेडरची वायर असते. मागचे कीबोर्ड, माउस आणि लॉकला पुरतात.